केबलच्या टोकाचं टोपण

ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली त्याला तेव्हा मराठीत नाव नव्हतं. आता नाव आहे, तर ते काम उरलेलं नाही. काळ्या केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून मी कोपरीतल्या आमच्या इमारतीत शिरलो की तळमजल्यावरच्या काकू हमखास अडवायच्या. "अरे राऊत, आमच्याकडे दोन चॅनेल दिसत नाहीयेत, बघतोस का जरा?" घरोघरी केबल टीव्ही नुकताच येत होता आणि आमची केबल दिसायला थेट तशीच होती. मी टीव्हीवाला नाही, ऑफिसांमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडतो, असं एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशाला? वेगळे राहिले तर काय बिघडतं?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

आमची कंपनी नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. मालक, चार इंजिनिअर आणि एक टेलिफोन, एवढीच. नव्वदीच्या त्या वर्षांत ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या ऑफिसांना कॉम्प्युटर घेण्याची हौस आली होती. एक घेतला की दुसरा, दुसरा घेतला की दोघांनी एकमेकांशी बोलावं ही अपेक्षा. त्यांनी बोलायचं नाकारलं की फोन आमच्याकडे. माझं काम हे अबोले सोडवण्याचं.

अबोल्याची कारणं मोजकीच असत. एक, नावांचा घोळ. नौपाड्यातल्या एका वकिलांनी ऑफिसातल्या तिन्ही कॉम्प्युटरना स्वतःचंच नाव दिलं होतं. एका नावाचा एकच कॉम्प्युटर जाळ्यात येऊ शकतो, दुसऱ्याला दार बंद होतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पण तिन्ही माझेच आहेत." दोन, परवानग्या. कोणी कोणता कप्पा उघडायचा, हे आतमध्ये नोंदवलेलं असे. नोंद नसेल तर पडद्यावर नकार येई. आणि तीन, तार. तिसरं कारण सगळ्यांत जास्त वेळा खरं असायचं आणि सगळ्यांत शेवटी तपासलं जायचं, कारण त्यासाठी टेबलाखाली रांगावं लागे.

त्या तारेबद्दल थोडं सांगायला हवं. एकच केबल पहिल्या कॉम्प्युटरपासून निघून प्रत्येकाच्या पाठीला स्पर्श करत शेवटच्यापर्यंत जायची. केबलच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान असं धातूचं चकचकीत टोपण बसवावं लागे. त्याचं इंग्रजी नाव भारदस्त होतं, आम्ही टोपणच म्हणायचो. त्याचं काम एवढंच, की टोकापर्यंत आलेला संदेश गिळून टाकायचा. त्याने तो गिळला नाही तर संदेश टोकावर आपटून माघारी येतो, रिकाम्या सभागृहात आपलाच आवाज परत यावा तसा, आणि मग कोणालाच कोणाचं नीट ऐकू येत नाही. म्हणजे एका टोकाच्या टोपणात दोष आला की सगळे कॉम्प्युटर मुके. ही व्यवस्था ज्याने शोधली त्याने सरकारी कार्यालयात काम केलेलं असावं, असं मला नेहमी वाटत आलं.

डोंबिवली पूर्वेला एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. तिथे आम्ही पाच कॉम्प्युटर बसवले. केस पेपरची खिडकी, बाह्यरुग्ण विभाग, औषधांचं दुकान, लॅब असे चार, आणि सगळ्यांची माहिती साठवणारा मुख्य कॉम्प्युटर कार्याध्यक्षांच्या खोलीत. कार्याध्यक्षांना सगळे नानासाहेब म्हणत. मुख्य कॉम्प्युटरला थंड हवा लागते असं मी माहितीपत्रकात लिहिलं होतं. म्हणून नानासाहेबांच्या खोलीत एअर कंडिशनर आला आणि कॉम्प्युटरची सोबत करायला म्हणून नानासाहेब उन्हाळाभर खोलीतून हलले नाहीत. उद्घाटनाला संगमरवरी पाटी लावली, ती कॉम्प्युटरपेक्षा आकाराने मोठी होती. पाटीवर सोळा नावं होती. त्यांतल्या एकालाही कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता.

ज्यांना तो दिवसभर चालवायचा होता त्या कर्णिकबाईंचं नाव अर्थातच पाटीवर नव्हतं. बाई केस पेपरच्या खिडकीवर बसत. रुग्णालयाचा सगळा टंकलेखनाचा पत्रव्यवहारही त्याच करत. पन्नाशी ओलांडलेल्या, किडकिडीत, बोलणं थोडं आणि नेमकं. वीसेक वर्षं त्यांनी प्रत्येक रुग्णाचं कार्ड हाताने लिहून लाकडी खणांत क्रमाने लावलं होतं. कॉम्प्युटर आल्यावर कार्डं बंद करायचा आदेश निघाला. बाईंनी लेखी कळवलं की सहा महिने तरी कार्डं चालू ठेवावीत, यंत्राची खात्री पटू द्यावी. नानासाहेबांनी हे पत्र मनात ठेवलं.

बसवणी पूर्ण झाली त्या दिवशी मी सगळ्यांना केबल दाखवत फिरलो. बाईंचा कॉम्प्युटर तारेवर शेवटचा होता, म्हणून टोपण त्यांच्या टेबलामागे होतं. इतरांच्या पोकळ थाटाला मी हसत असे, पण श्रोते मिळाल्यावर माझीही छाती थोडी फुगली असावी. ते टोपण काढून मी बाईंच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणालो, "बाई, हे दिसायला एवढंसं. पण सगळ्या यंत्रांचा जीव यात आहे."

बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "माझ्याच टेबलाला का?"

"शेवट तुमच्यापाशी होतो म्हणून."

"बरं," त्या म्हणाल्या. "जपीन मी."

सहा महिने जाळं उत्तम चाललं. मग दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत पहिला फोन आला. सकाळी बाईंच्या पडद्यावर मुख्य कॉम्प्युटर सापडत नाही असा संदेश येतो, मग इतरांचंही बंद पडतं. मी गेलो. बाईंचं नाव, पासवर्ड, परवानग्या तपासल्या. काहीच चुकीचं नव्हतं. पाठीमागे बघावं म्हणून यंत्र पुढे ओढलं, तर सगळं सुरू. पासवर्ड नव्याने टाकला आणि निघालो.

निघण्याआधी कॉल स्लिप भरायची असे. आमच्या स्लिपवर दोन चौकटी छापलेल्या होत्या: यंत्रातला दोष आणि वापरणाऱ्याची चूक. पहिल्या चौकटीत खूण केली की सुटा भाग आमच्याकडून बदलून द्यावा लागे, शिवाय मालकांना स्पष्टीकरण. त्यामुळे आमच्या ऑफिसात न लिहिलेला नियम असा होता, की यंत्रातून धूर निघत नसेल तर दुसऱ्या चौकटीत खूण करायची. मी केली. दहा दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा यंत्र ओढल्यावर सुरू झालं, पुन्हा दुसरी चौकट. तिसऱ्या खेपेला दारातच लॅबमधला भोईर भेटला. तो डोंबिवलीजवळच्या गावचाच, बोलायला मोकळा.

"आलात? दोरी परत मेली तुमची."

"कधी?"

"सकाळी. पण एक सांगू का, बाईंच्या टेबलाला हात लागला की दोरी जिती होते. आणि सकाळी पयल्या बाईच येतात. एकट्या असतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी काय बोलत नाय. नानासाहेब बोलतात."

नानासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. कॉम्प्युटर बंद पडला की काम कार्डांवर चालतं. कार्डं कोणाला हवीत? बाईंना. बाईंनी आदेश मोडून कार्डं लिहिणं चालूच ठेवलं होतं, हेही उघड झालं होतं. ती कार्डं होती म्हणूनच जाळं बंद पडलेल्या दिवशी एका म्हाताऱ्या रुग्णाला कोणतं औषध चालत नाही हे डॉक्टरांना वेळेवर कळलं होतं. ते कोणी लक्षात घेतलं नाही, किंवा घेतलं ते बाईंच्या विरुद्धच. मी निमूटपणे तिसरी स्लिप भरली. दुसरी चौकट.

माझ्या त्या तीन खुणांचं पुढे काय होणार हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं असं, की आलं होतं आणि मी पुढच्या कामाला गेलो होतो.

नोव्हेंबर संपता संपता एका शनिवारी नानासाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझ्या तिन्ही स्लिपा टाचणी लावून ठेवल्या होत्या. शेजारी कारणे दाखवा नोटिशीची प्रत. रुग्णालयाच्या यंत्रणेत हेतुपुरस्सर बिघाड केल्याबद्दल सेवेतून कमी का करू नये, सोमवारच्या सभेत खुलासा करावा. खाली कर्णिकबाईंचं नाव. टंकलेखन इतकं स्वच्छ होतं, की मी न राहवून विचारलं, "ही टाइप कोणी केली?"

"कोण करणार? बाईंनीच," नानासाहेब म्हणाले. "दुसरं टाइप करणारं आहे कोण आपल्याकडे?"

"त्यांना त्यांचीच नोटीस सांगितलीत?"

"कामाच्या वेळेत सांगितली. त्यांनीही काही हरकत घेतली नाही. बरं, तुम्ही मला या तीन स्लिपांवरून एक तांत्रिक अहवाल लिहून द्या. सभेला जोडायचा आहे. भाषा जरा वजनदार असू द्या."

मी म्हणालो, लिहितो, पण त्याआधी एकदा यंत्र बघतो. खिडकी दुपारची बंद होती. बाई टेबलाशी कार्डं लावत बसल्या होत्या. नोकरीची पाच वर्षं उरली होती. यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत, हे मला भोईरकडून कळलं होतं. बाईंनी स्वतः कधी तो विषय काढला नव्हता. मला पाहून त्यांनी खुर्ची सरकवली.

"राऊत, एक विचारू? तुम्ही तीनदा आलात. तिन्ही वेळा माझं नाव तपासलंत, माझा पासवर्ड तपासलात. ते शेवटचं टोपण, ज्यात सगळ्याचा जीव आहे म्हणालात, ते एकदाही काढून पाहिलं नाहीत."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी टेबलाखाली शिरलो आणि टोपण फिरवून काढलं.

आत गंध होतं. लाल गंध, वाळून खपली धरलेलं, कडेला हळदीची पिवळी रेघ. मधल्या बारीक सुईवर एक अक्षता घट्ट चिकटली होती.

टेबलाखालीच मला सगळा हिशेब लागला. खंडेनवमीला रुग्णालयात यंत्रांची पूजा होते. एक्स-रे यंत्राला, रुग्णवाहिकेला, बाईंच्या टाइपरायटरला. बाकीच्यांनी कॉम्प्युटरच्या कपाळावर बोट टेकवलं असेल. बाईंना मात्र मी जीव कुठे आहे ते दाखवून ठेवलं होतं. त्यांनी टोपण काढलं, ओल्या गंधाचं बोट आत टेकवलं, अक्षता वाहिली आणि टोपण परत बसवलं. वाळलेल्या गंधामुळे सुई कधी टेकत होती, कधी नाही. यंत्र ओढलं, धक्का लागला, की टेकत होती. आणि ज्या बाईंवर यंत्राचा द्वेष केल्याचा आरोप होता, त्यांच्याइतक्या भक्तीने त्या रुग्णालयात कोणी कॉम्प्युटरकडे पाहिलं नव्हतं.

म्हणजे माझ्या तिन्ही स्लिपा खऱ्या ठरत होत्या. वापरणाऱ्याचीच चूक होती. हे मी प्रामाणिकपणे लिहिलं असतं तर सोमवारच्या सभेत नानासाहेबांनी फक्त शेवटचं वाक्य वाचलं असतं, बिघाड बाईंच्या हातून झाला.

"काय आहे?" बाईंनी वरून विचारलं.

"काही नाही. टोपणच खराब निघालं," मी म्हणालो. "माल सदोष होता."

भोईरकडून स्पिरिट आणि कापूस आणून मी, कोणाला खूण दिसू नये म्हणून, त्या टोपणातली सुई पुसली. पिशवीतलं नवीन टोपण बसवलं, जुनं आणि तो कापूस घाईने शर्टाच्या खिशात कोंबला. चौथी स्लिप भरली. पहिली चौकट.

नानासाहेबांनी ती दोनदा वाचली. "तीनदा तुम्हीच वापरणाऱ्याची चूक लिहिलंत."

"तीनदा न उघडता लिहिलं. आज उघडून लिहिलं."

"हे मला कंपनीच्या कागदावर हवं."

सोमवारी सकाळी सभेआधी ते हवं होतं, म्हणजे मालकांची सही हवी होती. रविवारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे राऊत, आपण सदोष माल देतो असं मी लिहून देऊ? डोंबिवलीत उद्या कोण उभं करेल आपल्याला?"

"मग मी नीट बसवलं नाही असं लिहा."

"बसवलं नव्हतंस का?"

"बसवलं होतं."

त्यांनी कंपनीच्या कागदांचं पॅड पुढे ओढलं. "काय ते मला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि इंजिनिअरच्या हलगर्जीपणाबद्दल दिलगिरीचं पत्र लिहून दिलं. नोटीस मागे घेतली गेली. सभेच्या कागदांना जोडायला ते पत्रही बाईंनीच टाइप केलं, असं नंतर कळलं. मला सहा महिने साइटवर न पाठवता आमच्या गोदामात सुट्या भागांच्या याद्या करायला बसवलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. न उघडता खूण करणाऱ्या माणसाला ती शिक्षा कमीच होती.

पण खोट्याला पुढे देखभाल लागते, हे माझ्या व्यवसायातल्या माणसाला आधी सुचायला हवं होतं. खरं कारण बाईंना मी सांगितलंच नव्हतं. पुढच्या खंडेनवमीला त्या पुन्हा टोपण काढून गंध लावणार. सांगावं, तर स्वतःच्या हातून काय झालं ते त्यांना कळणार, आणि बाईंचा स्वभाव असा, की त्या सरळ नानासाहेबांकडे जाऊन कबूल करतील. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वार्षिक तपासणीचं निमित्त काढून मी डोंबिवलीला गेलो. टेबलाखाली शिरून पाहिलं. टोपणावर गंध होतं, पण बाहेरून. आत कोरडं. नशीब म्हणालो, पुसलं, निघालो. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. अशी पाच वर्षं मी न चुकता गेलो. मी पूजापाठ न करणारा माणूस. आमच्या ऑफिसात यावरून माझी भरपूर थट्टा होई. दसऱ्याचं सोनं लुटायला राऊत डोंबिवलीला जातो, असं मालक म्हणायचे.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मला निरोप समारंभाचं बोलावणं आलं. नानासाहेबांनी पाऊण तास भाषण केलं, त्यात बाईंबद्दल चार वाक्यं होती. शाल, नारळ, फोटो. सगळे चहाकडे वळल्यावर बाई मला म्हणाल्या, "या जरा," आणि खिडकीच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. खण उघडून त्यांनी एक फाइल काढली. आत माझ्या चारही स्लिपांच्या प्रती क्रमाने लावलेल्या होत्या.

"त्या शनिवारी तुम्ही पांढरा शर्ट घातला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही खिशात कापूस ठेवलात. निघताना खिशावर लाल डाग आला होता."

माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला.

"कॉम्प्युटरमध्ये लाल काय असणार, म्हणून मी रात्रभर विचार केला. सकाळी मला माझं बोट आठवलं. सोमवारी सभेत सांगायचं ठरवून आले होते. तर तुमच्या मालकांचं पत्र टेबलावर. दिलगिरीचं. टाइप करायला दिलं होतं." त्यांनी फाइल मिटली. "घरी माणूस अंथरुणावर होता. मी टाइप केलं आणि गप्प बसले. तेवढं एकच मी आयुष्यात चुकीचं टाइप केलं."

"पण मग दरवर्षी गंध?"

"आत लावायचं त्याच वर्षी सोडलं. तुम्ही दसऱ्यानंतर आलात, टेबलाखाली गेलात, तेव्हा कशासाठी आलात ते मला कळलं. लावायचंच थांबवलं असतं तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं. तुम्ही एवढं लपवलेलं, ते मी कशाला उघडं पाडू? म्हणून बाहेरून लावत राहिले."

मग त्यांनी पहिल्या तीन स्लिपांवर बोट ठेवलं. "राऊत, चौथीबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण या तीन मी विसरले नाही. खऱ्या निघाल्या, ही गोष्ट वेगळी. तुम्ही लिहिल्यात तेव्हा तुम्हाला ते माहीत नव्हतं."

त्या बरोबर होत्या. न बघता मी खरं लिहिलं होतं आणि बघून खोटं. दोन्हींपैकी लाज मला पहिल्याचीच वाटते, अजून वाटते. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी टेबलाखाली गेल्याशिवाय कोणत्याही स्लिपवर खूण केली नाही. त्यामुळे गुडघे गेले, एवढंच.

थोड्याच दिवसांत ती केबल गेली. नवीन पद्धतीत प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतंत्र तार आली. एकाचं बिघडलं तर एकाचंच. जुनी केबल गुंडाळायला मीच गेलो होतो. बाईंच्या टेबलामागचं टोपण मात्र गोदामात जमा केलं नाही. ते माझ्या कपाटात आहे. खंडेनवमीला बायको घरातल्या सुऱ्या, कात्र्या, शिवणयंत्र पुजायला काढते, तेव्हा मी ते तिच्या ताटात ठेवतो. हे काय, असं तिने पहिल्या वर्षी विचारलं. आता विचारत नाही. गंध मात्र मी लावतो. बाहेरून.